वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉनिक मॅलेट वाद्याशी ओळख

झायलोफोन, मरिंबा किंवा व्हायब्राफोनसारखी मांडणी असलेले, पण लाकडी-धातूच्या पट्ट्यांऐवजी रबरी पॅड असलेले वाद्य आता आपल्याकडच्या वादकांच्या हातीही येऊ लागले आहे. त्यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवतो, हार्मोनियमवर स्वर कळतात. मॅलेटकॅट किंवा मॅलेटस्टेशन म्हणजे मोठा ऑक्टापॅडच का? सुरुवात कुठून करू? (नाशिक)

तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. काठी पॅडवर पडते, खालचा सेन्सर ठोक्याचा जोर मोजतो आणि वाद्य त्याचे आकडे करून पुढे पाठवते, इथपर्यंत दोन्ही सारखेच. फरक आहे तो मांडणीत आणि स्वराच्या लांबीत. मांडणी हार्मोनियमचीच : जवळच्या ओळीत पांढऱ्या, पलीकडच्या ओळीत दोन-तीन, दोन-तीन अशा काळ्या.

पर्ल कंपनीच्या मॅलेटस्टेशनमध्ये ३७ पॅड, म्हणजे तीन सप्तके आणि वरचा एक सा. त्याला स्वतःचा आवाज नाही. यूएसबीने संगणकाला जोडायचे आणि आवाज तिथल्या सॉफ्टवेअरमधून घ्यायचा. अमेरिकेतल्या आल्टरनेट मोड कंपनीचे मॅलेटकॅट दोन, तीन आणि चार सप्तकांत बनले. त्याच्या काही मॉडेलांत आवाज आतच असतो, काहींत नसतो. जुने वाद्य घेत असाल तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारा, कारण आवाज नसलेले मॉडेल थेट मिक्सरला जोडून काहीच ऐकू येणार नाही.

एका ठोक्यातून वाद्य तीनच गोष्टी सांगते : कोणता स्वर (० ते १२७ पैकी आकडा, मध्य सी, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, ६०), किती जोराने (१ ते १२७) आणि स्वर कधी संपला. हार्मोनियमवर बोट उचलले की स्वर संपतो. इथे काठी पॅडवर क्षणभरच टेकते, त्यामुळे स्वर कधी संपवायचा हे वाद्याला आधी सांगून ठेवावे लागते. ऑक्टापॅडवर ढोल-ताशाचे आवाज आपापले विरून जातात, म्हणून तिथे हा मुद्दा सहसा जाणवत नाही.

आमचा आग्रह असा की पहिला तास आवाजाशिवाय घालवा. वाद्य संगणकाला जोडा आणि मिडी संदेश, म्हणजे वाद्य पाठवते ते आकडे, दाखवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स चालेल. एकाच पॅडवर अगदी हळू ते अगदी जोरात असे वीस ठोके द्या आणि जोराचा आकडा बघा. हळू ठोका १५-२० च्या आसपास आणि अगदी जोराचा १२०च्या पुढे जायला हवा. सगळेच ठोके १२७ दाखवत असतील तर गेन, म्हणजे वाद्याची एकूण संवेदना, जास्त आहे. कितीही मारले तरी ८०च्या वर जात नसेल तर गेन कमी आहे किंवा व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे हाताच्या जोराचा आकडा कसा करायचा ते प्रमाण, तुमच्या हाताला जुळत नाही. मग पॅडच्या मध्यावर, कडेला आणि टोकाला मारून बघा. खऱ्या मरिंबाच्या पट्टीवर दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर, जिथून दोरी जाते तिथे, आवाज दबतो आणि वादक ती जागा टाळायला शिकतो. इलेक्ट्रॉनिक पॅडवर अशी जागा नसते, पण कडेला संवेदना कमी पडू शकते. नेम मध्यावरच ठेवा. ही सवय पुढे खऱ्या वाद्यावरही उपयोगी पडते.

उंची अशी ठेवा की कोपरापासून हात किंचित खाली उतरता राहील. सुरुवातीला दोनच काठ्या, आणि अलंकार उजवा-डावा असे आलटून-पालटून. पांढरी एकमध्ये हात बसला की लगेच काळी एक घ्या, ट्रान्स्पोजचे, म्हणजे पट्टी आपोआप सरकवणारे, बटण न दाबता. पहिले काही महिने त्या बटणापासून लांब राहणे बरे. बोटांना जसा हार्मोनियमचा नकाशा माहीत असतो तसा मनगटांना या वाद्याचा व्हावा लागतो, आणि बटण दाबले की तो नकाशा कधी तयारच होत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉनिक वाद्यांत सगळे पॅड सारख्याच रुंदीचे असतात, खऱ्या मरिंबाच्या खर्जातल्या पट्ट्या मात्र रुंद होत जातात. दोन्ही वाजवणार असाल तर अंतराचा हा फरक मनात ठेवा.

प्रश्न : मोबाइलला वाद्य जोडलं, ब्लूटूथ स्पीकर लावला. ठोका दिल्यावर आवाज मागाहून येतो. वाद्य बिघडलंय का? (कोल्हापूर)

वाद्य ठीक आहे, उशीर ब्लूटूथचा आहे. ब्लूटूथने आवाज पोचायला १०० मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात. गाणे ऐकताना ते कळत नाही, वाजवताना असह्य होते. वायरचा हेडफोन किंवा स्पीकर लावा.

वायर लावूनही उशीर वाटला तर संगणकावरचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक साठवून ठेवतो तो तुकडा, तपासा. ४४,१०० सॅम्पल दराला २५६चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा १० मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून सव्वातीन-साडेतीन मीटर लांब उभे राहून वाजवण्यासारखे, ते चालते. २३ला द्रुत लय अडखळू लागते. २५६ वर ठेवा, आवाज तडतडला तरच ५१२ करा. विंडोजवर साउंड कार्डाच्या कंपनीचा अ‍ॅसिओ ड्रायव्हर टाकावा. नेहमीच्या विंडोज ड्रायव्हरवर बफर कमी करूनही फारसा फरक पडत नाही.

मोबाइल वाद्याला पुरेशी वीज देत नसेल तर वाद्य मधूनच बंद पडते किंवा ओळखलेच जात नाही. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला.

प्रश्न : एकच ठोका मारला तरी कधी दोन आवाज येतात, कधी शेजारचा पॅडही वाजतो, आणि वरच्या सप्तकातले दोन-तीन पॅड मुकेच आहेत. दुरुस्तीला द्यावं का? (पुणे, डोंबिवली, बेळगाव)

तीन वेगळ्या तक्रारी आहेत, पण तिन्हींचा उलगडा वर सांगितलेल्या प्रोग्रॅममध्ये दिसणाऱ्या मिडी संदेशांच्या यादीतूनच होतो. आवाज ऐकून अंदाज बांधू नका, यादी बघा.

दोन आवाज. यादीत एकाच स्वराच्या दोन नोंदी दिसतात का ते बघा. एकच नोंद असेल तर वाद्य निर्दोष आहे आणि आवाज पुढे दुप्पट होतो आहे. नेहमीचे कारण म्हणजे यूएसबी आणि पाच पिनांची मिडी केबल दोन्ही जोडलेल्या असतात, किंवा आत आवाज असलेल्या वाद्याचा स्वतःचा आवाज आणि संगणकाचा आवाज एकदमच येतो. एक वाट बंद करा.

दोन नोंदी असतील तर त्यांच्यातले अंतर आणि जोर बघा. पहिली नोंद ९०ची आणि १५-२५ मिलिसेकंदांनी दुसरी ३०ची, असे असेल तर काठी उडून पुन्हा टेकली आहे. डोके फार कडक किंवा पकड फार सैल असली की असे होते. आधी काठी बदला, मग मास्क टाइम, म्हणजे एका ठोक्यानंतर वाद्य जेवढा वेळ कान बंद ठेवते तो, २५-३० मिलिसेकंदांवर न्या. त्यापेक्षा फार वाढवू नका. दोन्ही हातांनी एकाच पॅडवर रोल वाजवताना सेकंदाला १५ ठोके पडले तर दोन ठोक्यांत ६७ मिलिसेकंद असतात, आणि हात कधीच यंत्रासारखे समान अंतराने पडत नाहीत. मास्क ६० वर ठेवला की रोलमधले ठोके गळायला लागतात आणि वादकाला वाटते हातच कच्चा आहे.

शेजारचा पॅड. दोन नोंदी एकाच क्षणी, पण दुसरी खूप हलकी, हे त्याचे लक्षण. खाली पिएझो सेन्सर असलेल्या वाद्यांत हे जास्त होते, कारण पिएझो कंपन मोजतो आणि कंपन सांगाड्यातून शेजारी जाते. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वाद्यांत कमी होते. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी स्टँडचे सगळे नट आवळा, वाद्य चारही पायांवर समान टेकले आहे ना ते बघा, आणि बेसचा स्पीकर त्याच फळीवर असेल तर खाली उतरवा. मगच थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचे ठोके वाद्य सोडून देते ती मर्यादा, एकेक पायरीने वाढवा. प्रत्येक पायरीनंतर सर्वांत हळू ठोका वाजवून बघा. थ्रेशोल्ड वाढवून क्रॉसटॉक, म्हणजे हे शेजारच्या पॅडचे वाजणे, बंद करणे सोपे आहे, पण त्यात कणस्वर जातात आणि वाद्य निर्जीव वाटू लागते. थोडा क्रॉसटॉक राहिला तर तो वाजवण्याच्या भरात ऐकू येत नाही. गेलेले कणस्वर मात्र ऐकणाऱ्याला लगेच जाणवतात.

मुके पॅड. यादीत नोंद येते पण आवाज नाही, असे असेल तर पॅड शाबूत आहे आणि निवडलेल्या आवाजाची हद्द संपली आहे. खरा व्हायब्राफोन एफपासून एफपर्यंत तीन सप्तकांचा, आकड्यांत ५३ ते ८९, आणि सॉफ्टवेअरमधले पुष्कळ व्हायब्राफोनचे आवाजसंच तेवढ्याच स्वरांना आवाज देतात. तुमचे वाद्य एक सप्तक वर सरकलेले असेल तर ९० पासून पुढे शांतता. सप्तक खाली घ्या. इथे एक गोंधळ नेहमी होतो : ६० या आकड्याला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलँड सी-४. म्हणून मॅन्युअलमधले नाव नव्हे, आकडा बघा.

ज्या वाद्याचा पहिला पॅड सी आहे आणि सप्तके तीनच आहेत, त्यावर व्हायब्राफोनची छापील रचना पूर्ण बसत नाही. ४८ पासून सुरू केले तर वरचे पाच स्वर (८५ ते ८९) उरत नाहीत. ६० पासून केले तर खालचे सात. चौथे सप्तक जोडता येते का, हे घेतानाच विचारा.

यादीत नोंदच येत नसेल, आणि ते पॅड एका गटात शेजारी-शेजारी असतील, तर बहुधा आतली पट्टीसारखी रिबन केबल सैल झाली आहे. एकटा-दुकटा पॅड मेला असेल तर सेन्सर. ही दोन कामे मात्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच.

प्रश्न : काठ्या कोणत्या वापराव्यात? (नागपूर)

लोकर किंवा दोरा गुंडाळलेल्या मध्यम, किंवा मऊ ते मध्यम रबरी. ग्लॉकेनस्पीलच्या पितळी आणि कडक प्लॅस्टिकच्या काठ्या पॅडला चिरा पाडतात, ड्रमची लाकडी काठीही तेच करते. फार मऊ, मोठ्या डोक्याची मरिंबाची काठीही नको, कारण ठोका पसरतो आणि आकडा कमी येतो. खऱ्या वाद्यावर काठी बदलली की स्वराचा रंग बदलतो, इथे बदलत नाही. रंग आवाजाच्या निवडीतून आणि ठोक्याच्या जोरातून येतो.

या बाबतीत इलेक्ट्रॉनिक वाद्ये घडवणाऱ्या डॉन बुक्लांच्या मरिंबा ल्युमिना या वाद्याचा उल्लेख करायलाच हवा. त्यात कोणत्या काठीने ठोका दिला हे वाद्याला कळायचे, त्यामुळे हातातल्या चार काठ्यांना चार वेगळे आवाज देता यायचे. ती कल्पना अजूनही पुढे जायला हवी असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : व्हायब्राफोनचा आवाज लावला की स्वर तुटक येतात, पेडल दाबलं तर सगळे एकमेकांत मिसळतात, आणि कधीकधी एखादा स्वर वाजतच राहतो. (इंदूर)

तुटक येण्याचे कारण गेट टाइम, म्हणजे ठोक्यानंतर स्वर किती वेळ धरायचा ते माप. झायलोफोनचा आवाज स्वतःच पटकन विरतो, तिथे गेट किती आहे याने फरक पडत नाही. बासरी किंवा व्हायोलिनच्या आवाजात मात्र स्वराची लांबी गेटच ठरवतो. व्हायब्राफोनसाठी गेट २०० ते ३०० मिलिसेकंद ठेवा आणि बाकीचे काम पायावर सोपवा.

पाय कसा? नवा स्वर वाजण्याच्या क्षणी पेडल सोडायचे आणि लगेच दाबायचे, म्हणजे मागचा स्वर कापला जातो आणि नवा धरला जातो. ठोक्याच्या आधी सोडले तर फट पडते, फार नंतर सोडले तर दोन स्वर मिसळतात. सारेगमपधनिसां अतिविलंबित लयीत, प्रत्येक स्वराला एक पेडल, असा रियाज करा. पायाचे हे काम हातांपेक्षा जास्त वेळ मागते. काही वाद्यांत, दाब मोजणाऱ्या सेन्सरमुळे, काठी पॅडवर दाबून ठेवली की तेवढाच स्वर बंद करता येतो. खऱ्या व्हायब्राफोनवर वादक काठीने एकेक पट्टी दाबून थांबवतो, तेच तंत्र. मॅन्युअलमध्ये डॅम्पनिंग या नावाखाली शोधा.

पेडल उलटे चालत असेल, म्हणजे सोडल्यावर स्वर धरत असेल, तर वाद्य बंद करा, पेडल जोडा आणि त्यावर पाय न ठेवता वाद्य चालू करा. पुष्कळ वाद्ये चालू होताना पेडलची दिशा तपासतात.

वाजत राहणारा स्वर बहुतेक वेळा असा अडकतो : स्वर चालू असताना ट्रान्स्पोज किंवा सप्तक बदलले जाते. ६० सुरू करण्याचा संदेश गेलेला असतो आणि बंद करण्याचा जातो ६१ला. पॅनिक किंवा ऑल नोट्स ऑफ बटण दाबा (कंट्रोल क्रमांक १२३) आणि यापुढे आवाज शांत झाल्यावरच पट्टी बदला.

प्रश्न : यावर राग वाजवता येईल का? मींड? (मिरज, पणजी)

राग निवडून घेतला तर येईल, आणि छान येईल. आपल्याकडे काठीने वाजवायच्या सुरेल वाद्यांची परंपरा आहेच : जलतरंग, काष्ठतरंग, संतूर. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँडसाठी बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग केला होता. अशा वाद्यांवर खडा स्वर, कणस्वर आणि लयीचे काम खुलते. भूप, दुर्गा, हंसध्वनी घ्या. दरबारीच्या आंदोलित गंधाराला पॅडकडून न्याय मिळणार नाही.

स्वरस्थानांचे मात्र काम करण्यासारखे आहे. वाद्य समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेले येते. तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा त्याचा शुद्ध गंधार १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). काळी एकला सा (२७७.२ हर्ट्झ) धरला तर तानपुऱ्याशी त्याची सेकंदाला ११ आंदोलने (आवाजाचे कमी-जास्त होणे) होतात, आणि लांबलेल्या स्वरावर ती स्पष्ट ऐकू येतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा मोड्यूलमध्ये (आवाज देणाऱ्या पेटीत) स्केल ट्यूनची, म्हणजे एकेक स्वर वेगळा हलवण्याची, सोय आहे तिथे असे बदल करा : रे +४, ग -१४, म -२, प +२, ध -१६, नि -१२. कोमल स्वरांसाठी रे +१२, ग +१६, ध +१४, तीव्र मध्यम -१०. कोमल नी रागानुसार -४ किंवा +१८. हे आकडे सा पासून मोजलेले आहेत, त्यामुळे पट्टी बदलली की सगळी यादी त्या सा वर सरकवावी लागते. आकडे टाकून झाले की तानपुरा लावून प्रत्येक स्वर दोन मिनिटे ऐका आणि कान सांगेल तसे एक-दोन सेंट हलवा. साथीला हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर यातले काहीही करू नका, दोन वाद्ये एकमेकांशी भांडतील.

पेडल पिच बेंडला, म्हणजे चालू स्वर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाला, जोडून मींड घेता येते. दोन अडचणी लक्षात घ्या. पिच बेंड त्या चॅनेलवरचे (संदेशांच्या त्या वाटेवरचे) सगळे चालू स्वर एकदम वाकवतो, म्हणून मींडेसाठी वेगळा चॅनेल ठेवा आणि तो आवाज मोनो करा, म्हणजे एका वेळी एकच स्वर. दुसरी अडचण हद्दीची. नेहमीची हद्द वर-खाली दोन अर्धस्वरांची असते. ती वाढवून पूर्ण सप्तकाची केली आणि पेडल फक्त १२८ पायऱ्या पाठवत असेल, तर एका बाजूला ६४ पायऱ्यांत १२०० सेंट, म्हणजे एक पायरी सुमारे १९ सेंटची. मींडेच्या जागी जिना ऐकू येतो. दोन अर्धस्वरांच्या हद्दीत तीच पायरी तीन सेंटची होते. छोट्याच मींडा घ्या.

प्रश्न : मॅलेट वाद्य आत्ता परवडत नाही. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांसाठी असलेल्या आठ पॅडच्या ऑक्टापॅडवर सुरावट वाजवायची आहे. पॅडना स्वर दिले, पण काँगो-बोंगोच वाजतात. (चिपळूण)

तुमचा ऑक्टापॅड दहाव्या चॅनेलवर पाठवतो आहे. जनरल मिडीत, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या पद्धतीत, दहावा चॅनेल तालवाद्यांचा असतो आणि तिथे ६० म्हणजे चढा बोंगो, ६४ म्हणजे खालचा काँगो. आठही पॅडचा चॅनेल बदलून १ करा. ज्या कीबोर्ड किंवा मोड्यूलमधून आवाज घेणार आहात त्यावर चॅनेल १ला व्हायब्राफोन (१२), मरिंबा (१३) किंवा झायलोफोन (१४) निवडा. काही यंत्रे शून्यापासून मोजतात, तिथे हेच आकडे ११, १२, १३ होतात.

भूपासाठी आठ पॅड नेमके पुरतात. जवळच्या ओळीत सा ६०, रे ६२, ग ६४, प ६७, आणि पलीकडच्या ओळीत ध ६९, सां ७२, रें ७४, गं ७६. काळी एकसाठी प्रत्येकात एक मिळवा. प्रत्येक पॅडचा गेट टाइम वाढवा आणि ही मांडणी वेगळ्या पॅचमध्ये साठवा, म्हणजे कार्यक्रमात ढोलकीवरून एका बटणात इकडे येता येईल.

प्रश्न : फ्लॅटमध्ये हेडफोन लावून वाजवतो तरी खालच्या मजल्यावरून तक्रार येते. शिवाय इथल्या पावसाळ्यात वाद्य कसं जपावं? (मुंबई, रत्नागिरी)

हेडफोनमुळे स्वर बंद होतात, ठोक्यांचा धक्का स्टँडच्या पायांतून फरशीत जातच राहतो. प्रत्येक पायाखाली जाड रबरी तुकडा आणि त्याखाली व्यायामाची फोम मॅट घाला, पेडलही मॅटवरच ठेवा. स्टँड भिंतीला टेकवू नका.

पावसाळ्यात वाद्य भिंतीपासून हातभर लांब ठेवा, वर सुती कापड टाका. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले तर आतली ओल आतच राहते. पिशवीत ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या वेळोवेळी बदला. पॅड किंचित ओल्या कापडाने पुसा, स्पिरिट किंवा थिनर वापरू नका, त्याने रबर कडक होते. बरेच दिवस बंद असलेले वाद्य चालू केल्यावर कार्यक्रमाआधी प्रत्येक पॅडवर सारख्या जोराचे चार ठोके द्या आणि आकडे बघा. एखादा पॅड इतरांपेक्षा वीस-पंचवीसने कमी दाखवत असेल तर तेवढ्याच पॅडची संवेदना वाढवा, सगळ्या वाद्याचा गेन वाढवू नका.